मालावरची खूण

जो भाजीवाला रोज सकाळी आपल्या दारात येतो, त्याच्या टोपलीवर कोणते चिन्ह आहे हे आपण कधी पाहत नाही. त्याची हाक हीच त्याची खूण. वांगी किडकी निघाली तर दुसऱ्या दिवशी त्याला अडवून जाब विचारता येतो, आणि हे त्यालाही ठाऊक असल्यामुळे तो सहसा किडकी वांगी देत नाही. पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला हंडा गळू लागला, तर तो घेऊन पुन्हा त्याच ओट्यापाशी जाता येत असे. गिऱ्हाईक आणि कारागीर एका वेशीच्या आत नांदत होते, तोवर मालावर खूण करण्याचे कारण फारसे पडत नव्हते. ते पडले माल वेशीबाहेर गेला तेव्हा. घेणाऱ्याला करणारा दिसेनासा झाला आणि करणाऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी एक लहानसे चित्र आले. मालावरच्या खुणेचा इतिहास हा मुख्यतः या अंतराचा इतिहास आहे असे आम्हांस वाटते, आणि आजच्या विषयाकडे आम्ही त्याच दृष्टीने पाहणार आहोत.

विषय आज घेण्याचे कारण असे, की हे अंतर आपल्या काळात जितके वाढले आहे तितके पूर्वी कधी वाढले नव्हते. समजा, साताऱ्यातील एखादी गृहिणी मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करून इंटरनेटवरून विकते. तिची गिऱ्हाइके नागपुरात आहेत, बंगळुरात आहेत. त्यांतील एकानेही तिला पाहिलेले नाही. तिच्या दुकानाला फळ्या नाहीत, पाटी नाही, गल्ला नाही. मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढ्या वर्तुळात जे चित्र दिसते तेच तिचे दुकान. या चित्राला आता सर्रास लोगो म्हणतात. ते ती कोणाकडून काढून घेते? बहुधा कोणाकडूनच नाही. घरच्या संगणकात मुलांच्या शाळेच्या कामासाठी पॉवरपॉइंट असते. भाषण चालू असताना मागे पडद्यावर दाखवायची पाने तयार करण्याचे ते साधन. त्यातच एक गोल, एक पान आणि नावाची दोन अक्षरे जुळवून ती आपले चिन्ह उभे करते. पेशाने चित्रकार असलेली मंडळी या खटाटोपाला हसतात. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. मात्र एक प्रश्न दिसतो: जे चित्र तिने जुळवले, ते तिचे झाले काय? या प्रश्नाचे उत्तर संगणकापेक्षा इतिहासाला अधिक ठाऊक आहे, म्हणून थोडे मागे जाऊ.

सिंधू संस्कृतीच्या मुद्रा आपण चित्रांतून पाहिल्या आहेत. मोहेंजोदडोचे प्राचीनत्व ज्यांनी प्रथम ओळखले ते राखालदास बॅनर्जी त्या वेळी पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे अधीक्षक होते, आणि त्या विभागाची कचेरी पुण्यास होती. हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते. १९२४ साली सर जॉन मार्शल यांनी या शोधाची वार्ता जगाला दिली, तेव्हा लोकांचे डोळे त्या मुद्रांवर खिळले. मऊ दगडाची चौकोनी वडी, बाजू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, तीवर उलटे कोरलेले एकशिंगी जनावर आणि वर न वाचता येणाऱ्या लिपीतील चार-सहा चिन्हे. तिचा उपयोग काय असावा याचा चांगला पुरावा पुढे गुजरातेत लोथल येथे मिळाला. १९५५ पासून तेथे एस. आर. राव यांनी उत्खनन केले. तेथल्या वखारीला कधीकाळी आग लागली होती, आणि त्या आगीत मालाच्या गाठोड्यांवर लावलेले मातीचे लपके भाजून पक्के झाले होते. लपक्यांच्या एका अंगाला मुद्रेचा ठसा आहे. दुसऱ्या अंगाला दोरी, चटई आणि विणलेले कापड यांचे वण आहेत. म्हणजे गाठ बांधायची, गाठीवर ओली माती लावायची आणि मातीवर मुद्रा उठवायची. वखारीच्या मालकाचे नुकसान झाले, पण चार हजार वर्षांनी आपला फायदा झाला! सिंधू मुद्रा इराकातील उर या नगराच्या अवशेषांतही सापडल्या आहेत. समुद्रापलीकडच्या माणसाला ही लिपी वाचता येत असेल असे मानण्याचे कारण नाही. त्याला जनावर ओळखता येत होते, तेवढे पुरे होते.

येथे एक गोष्ट मनात धरून ठेवावी. ती मुद्रा आणि आजच्या मोबाइलवरील दुकानाचे चिन्ह यांच्या आकारात फारसे अंतर नाही. किंबहुना मुद्राच थोडी मोठी भरेल. इतक्या लहान जागेत जे ओळखू येते तेच खुणेच्या कामाचे, ही अट संगणकाने घातलेली नाही, ती फार जुनी आहे.

रोमन लोकांच्या काळी मातीच्या पणत्यांवर तळाशी कर्त्याचे नाव उठवीत. त्यांत ‘फोर्टिस’ हे नाव इतके नावाजले, की साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून या नावाच्या पणत्या सापडतात. या सगळ्या एका कारखान्यात झालेल्या नाहीत. ठिकठिकाणच्या कुंभारांनी साचा आणि नाव दोन्ही उचलले. २००८ साली इटलीतील मोदेना येथे खोदकामात एक जुना उकिरडा निघाला. त्यात टाकाऊ पणत्या होत्या आणि त्यांवर फोर्टिसचे नाव होते, तेव्हा या नावाचे मूळ घर कोठे असावे याला बळकटी आली. खूण नावारूपाला आली की तिची नक्कल होते, ही तक्रार अशी निदान दोन हजार वर्षांची आहे.

मध्ययुगात खुणेला निराळेच रूप आले. आज आपण खूण म्हणजे मालकाचा अभिमान समजतो. त्या काळी ती मालकाच्या मानेवरचे जोखड होती. तेराव्या शतकात इंग्लंडात पावाचे वजन आणि भाव कायद्याने बांधून दिले होते, आणि पाव भाजणाऱ्याने आपल्या पावावर आपली खूण उठवावी असा दंडक होता. हेतू त्याची कीर्ती वाढावी हा नव्हता. हलका पाव सापडला तर तो कोणाच्या भट्टीतला हे कळावे, हा होता. सोन्याचांदीचेही तेच. १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने चांदीवर कसाची खूण म्हणून चित्त्याचे मुंडके उठवणे आवश्यक केले. १३६३ साली प्रत्येक कारागिराने स्वतःचीही खूण उठवावी असे ठरले. १४७८ पासून लंडनच्या सोनारांच्या सभागृहात, म्हणजे ‘हॉल’मध्ये, कस पाहून शिक्का मारू लागले, आपण सोनाराच्या दुकानात ‘हॉलमार्क’ विचारतो तो हा. आपल्या देशात २०२१ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची एक निराळी ओळख-खूणही येऊ लागली. तिला शोभा काहीच नाही, भिंगाशिवाय ती दिसतही नाही. परंतु दोष कोणाचा हे शोधण्याचे जुने काम ती अगदी चोख करते.

मराठीत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो. शिवकाळातील पत्रांत आरंभी मुख्य शिक्का आणि शेवटी मोर्तब उठवीत. मोर्तब झाल्यावर मजकूर संपला. त्यापुढे कोणी ओळ वाढवली तर ती बनावट. व्यापारी मालाचा हा प्रकार नव्हे हे खरे, पण खुणेमागची बुद्धी तीच आहे. ठसा उठला की बोललेले आपल्यावर बंधनकारक झाले.

हे बंधन भांडवल केव्हा झाले? याचे ठळक उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. आगगाडी आली, आगबोट आली, कारखान्याचा माल हजारो कोसांवर जाऊ लागला आणि दूरच्या गिऱ्हाइकाचा भरवसा हीच एक मालमत्ता झाली. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच साली इंग्लंडच्या पार्लमेंटने व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा केला. १८७६ च्या १ जानेवारीस नोंदवही उघडली. पहिली नोंद झाली बर्टन गावच्या बास या बिअरवाल्यांच्या तांबड्या त्रिकोणाची. पहिला क्रमांक मिळावा म्हणून त्यांचा माणूस आदल्या रात्रीपासून कचेरीच्या दारात उभा होता अशी आख्यायिका आहे. फ्रेंच चित्रकार माने याने १८८२ साली पॅरिसमधील एका मद्यगृहाचे जे प्रसिद्ध चित्र पुरे केले, त्यात बाटलीवर हा त्रिकोण स्पष्ट दिसतो. गंमत अशी, की त्रिकोण काढायला कला लागत नाही. आजच्या पॉवरपॉइंटमध्ये तयार आकारांच्या यादीत तो आहेच. एकदा बोट दाबले की उमटतो. तरीही बिअरच्या बाटलीवरचा तांबडा त्रिकोण बासचा झाला, तो रेखाटनामुळे नव्हे. वर्षानुवर्षे त्याखाली एकाच प्रतीचा माल विकला गेला आणि मग तो वहीत नोंदवला गेला, यामुळे तो त्यांचा झाला.

आता आपल्या देशाकडे येऊ, कारण येथे ही कथा अधिक रंगतदार आहे.

मँचेस्टरचे कापड मुंबईच्या गोदीत उतरे, तेव्हा तागा उलगडण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या नजरेस पडे ते त्यावर चिकटवलेले रंगीत तिकीट. तळहाताएवढा चकचकीत कागद, त्यावर शिळाछापावर अनेक रंगांत छापलेले चित्र: कधी देवदेवता, कधी हत्ती, वाघ, कधी पगडीधारी संस्थानिक. बाजारात त्याला टिका, छाप, मार्का अशी नावे पडली. हे चित्र कशासाठी? घेणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. पुष्कळांना कोणतीच लिपी येत नव्हती. तो अमुक गिरणीचे कापड मागत नसे, तो चित्राच्या नावाने कापड मागे. पुन्हा ही तिकिटे बहुधा गिरणीची नसत; परदेशी माल पाठवणाऱ्या व्यापारी पेढीची असत. पेढीने गिरणी बदलली तरी चित्र तेच राही, आणि गिऱ्हाईक चित्राला धरून राही. म्हणजे खुणेचा मालक माल विणणारा नसून मालाबद्दल शब्द देणारा होता. शब्दाची किंमत किती होती हे यावरून कळते, की मँचेस्टरला सुती मालाच्या खुणांसाठी नोंदणीची खास शाखा ठेवावी लागली.

मँचेस्टरने आपले देव आपल्यालाच विकले, असे याबद्दल रागाने म्हणता येईल, आणि त्या रागात तथ्य आहे. पण आम्हांस त्याबरोबर दुसरेही दिसते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यास चित्रशाळा काढली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईस सुरू झाला. रंगीत चित्र घराघरांत जाऊ लागले, आणि चित्र पाहून माल ओळखणारे गिऱ्हाईक तयार झाले ते देशी कारखानदाराच्याही कामी आले. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईची पूड आणि वड्या विकायला आरंभ केला तेव्हा नाव ठेवले ‘घोडा छाप’. पुढे त्यांचाच उंट, म्हणजे ‘कॅमल’, महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या बोटांना डाग पाडू लागला. घोडा आणि उंट यांचा शाईशी संबंध काय असे कोणी विचारील. काही नाही, आणि ते योग्यच आहे. शाईच्या बाटलीवर शाईची दौत काढली असती तर ती कोणत्याही शाईची झाली असती. मालाचे वर्णन करणारे चित्र सर्वांचे असते. मालाशी संबंध नसलेले चित्र एकाचे होऊ शकते. आजचा कायदाही याच दिशेने बोलतो: केवळ मालाचा प्रकार किंवा गुण सांगणाऱ्या चिन्हाला तो सहजासहजी नोंद देत नाही. मेतकुटाच्या पुडीवर वाटीतले मेतकूट काढणाऱ्याने हा उंट आठवावा.

आपल्याकडे नोंदणी मात्र फार उशिरा आली. १८६० च्या दंडसंहितेत खोट्या खुणेला शिक्षा होती. १८८९ मध्ये व्यापारी मालावरील खुणांचा कायदा झाला. पण खूण आपली आहे हे सांगायला वही नव्हती. मग व्यापारी काय करीत? दस्तऐवज नोंदवण्याच्या कचेरीत जाऊन ‘ही खूण माझी’ असे प्रतिज्ञापत्र नोंदवीत आणि वर्तमानपत्रात लोकांना व लबाडांना इशारा देणारी जाहिरात छापीत. जुन्या अंकांतील ‘सावधान’ जाहिराती वाचताना आपल्याला हसू येते. त्यांमागे कायद्याची अडचण होती. १९४० साली व्यापारचिन्हांचा कायदा झाला, तो १९४२ मध्ये अमलात आला; त्याच्या जागी १९५८ चा, आणि त्याच्या जागी १९९९ चा आला. हा शेवटचा २००३ पासून चालू आहे. नोंदणीची मुख्य कचेरी मुंबईस आहे.

या कायद्यांखाली झालेले दोन तंटे येथे सांगण्यासारखे आहेत. पहिला औषधांचा. लाहोरास निघालेले ‘अमृतधारा’ घरोघरी होते. पोटदुखीपासून डोकेदुखीपर्यंत सगळ्याला तेच. कानपूरच्या एका औषधवाल्याने ‘लक्ष्मणधारा’ या नावाची नोंद मागितली आणि अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने शब्दांचा अर्थ पाहिला: अमृताची धारा निराळी, लक्ष्मणाची धारा निराळी, घोटाळा कसला? १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. न्यायमूर्तींचे म्हणणे थोडक्यात असे, की साधारण बुद्धीचा, बेसावध आणि अर्धवट आठवण असलेला गिऱ्हाईक शब्दाची फोड करून व्युत्पत्ती शोधत बसत नाही. त्याला नावाचा एकंदर घाट आणि नाद आठवतो. दोन्ही औषधांचा प्रकारही एकच. सबब नावे फसगत होण्याइतकी सारखी आहेत. (लक्ष्मणधारा पुष्कळ वर्षे उघडपणे विकले जात होते, या कारणास्तव उत्तर प्रदेशापुरती त्याची नोंद टिकली, हा भाग निराळा.)

दुसरा तंटा बिस्किटांचा. मुंबईच्या पार्ले यांच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतातील घर, झाडे, गाई-कोंबड्या आणि मध्ये बादली घेतलेली एक मुलगी असे चित्र होते. म्हैसूरच्या एका कारखान्याने आपल्या वेष्टनावर गाई, कोंबड्या आणि मध्ये डोक्यावर गवताचा भारा व हाती विळा घेतलेली मुलगी छापली. दोन्ही वेष्टने शेजारी ठेवली तर फरक दहा दाखवता येतील. पण १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ती शेजारी ठेवून पाहायचीच नसतात. आज एक पाहिलेले गिऱ्हाईक आठ दिवसांनी दुसरे हाती घेईल तेव्हा त्याला तेच वाटेल काय, हे पाहायचे. निकाल पार्ल्याच्या बाजूने झाला.

खुणेचे खरे घर वेष्टनावर नसून परक्या माणसाच्या अर्धवट आठवणीत असते, हे या दोन निकालांनी जितके स्वच्छ सांगितले आहे तितके चित्रकलेच्या ग्रंथांतही आम्ही वाचलेले नाही.

चित्रकार या कथेत जरा उशिरा येतो. १९०७ साली जर्मनीतील आ-ए-गे या विजेच्या कंपनीने पीटर बेरेन्स या कलावंताला चिन्हापासून कारखान्याच्या इमारतीपर्यंत सर्व काही एका शैलीत बांधण्यासाठी नेमले. तेव्हापासून हा एक स्वतंत्र पेशा मानला जाऊ लागला. मोठ्या पेढ्या या कामाला मोठी रक्कम मोजू लागल्या. परंतु रकमेवरून खुणेची किंमत ठरत नाही. १९७१ साली अमेरिकेतील पोर्टलंडच्या विद्यापीठात शिकणाऱ्या कॅरोलिन डेव्हिडसन हिने बुटांच्या एका नव्या धंद्यासाठी बाकदार फटकारा काढून दिला आणि ३५ डॉलर घेतले. तो फटकारा आज नायकेच्या बुटांवर जगभर दिसतो. धंदा वाढल्यावर कंपनीने तिला आपले भाग भेट दिले, हे नमूद केलेच पाहिजे.

आता पॉवरपॉइंटकडे वळू. या साधनाचा जन्म चित्रकारांसाठी झालेला नाही. रॉबर्ट गॅस्किन्स हे १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील फोरथॉट या छोट्या कंपनीत आले. कचेऱ्यांच्या बैठकांत पारदर्शक कागदावरचा मजकूर दिव्याने भिंतीवर पाडीत; तो मजकूर ज्याचा त्याला, चित्रकाराकडे खेपा न घालता, संगणकावर तयार करता यावा ही त्यांची कल्पना. डेनिस ऑस्टिन आणि टॉमस रडकिन यांनी ती प्रत्यक्षात आणली. १९८७ च्या एप्रिलमध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ते बाजारात आले. तेव्हा त्यात काळा आणि पांढरा एवढेच रंग होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरांना विकत घेतली. आमच्या विषयाच्या दृष्टीने यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या साधनाचे नाव प्रथम ‘प्रेझेंटर’ असे ठरले होते. माल बाजारात जाण्याच्या सुमारास कळले, की त्या नावावर दुसऱ्याचा व्यापारचिन्हाचा हक्क आहे; म्हणून धावपळीने ‘पॉवरपॉइंट’ हे नाव शोधावे लागले. आज लाखो लहान दुकानदार ज्यात आपली खूण काढतात, त्या साधनाचे स्वतःचे पहिले नावच असे खुणेच्या कायद्याने गेले.

साधन म्हणून ते वाटते तितके दुबळे नाही. त्यातले आकार ठिपक्यांचे नसून रेषांचे असतात; म्हणजे संगणक चित्राचे ठिपके मांडून ठेवत नाही, तर गोलाचा मध्य आणि त्रिज्या यांसारखे गणित ठेवतो. त्यामुळे चित्र नखाएवढे करा की भिंतीएवढे, कड स्वच्छ राहते. २०१० च्या आवृत्तीपासून दोन आकार एकमेकांत मिसळणे, एकातून दुसरा वजा करणे, त्यांचा सामाईक भाग तेवढा ठेवणे या सोयी आल्या. २०१३ पासून त्या सहज हाती लागतील अशा जागी आल्या. एका गोलातून दुसरा गोल सरकवून वजा केला की चंद्रकोर मिळते. दोन गोल एकमेकांवर अर्धे चढवून सामाईक भाग ठेवला की पान मिळते. रांगोळी काढणाऱ्या आपल्या स्त्रियांना यात नवे काही वाटणार नाही. ठिपक्यांवरून कंस फिरवून त्या हेच करीत आल्या. नुकसान होते ते शेवटी, चित्र जतन करताना. ते साध्या ठिपक्यांच्या चित्रात जतन केले, की पुडीवर छापताना कडा फाटतात आणि छापखानेवाला कपाळाला हात लावतो. अलीकडच्या आवृत्त्यांत रेषांचे चित्र रेषांतच जतन करता येते, ते करावे. आणि पहिले रेखाटन काळ्या एका रंगात करून सुपारीएवढे लहान करून पाहावे. तेथे ओळखू आले तरच रंग भरण्यात अर्थ.

पण धोका रेषांत नाही. तो तयार चित्रांत आहे. या साधनात आता पान, भांडे, दिवा, स्वयंपाकीण अशी शेकडो चित्रे तयार मिळतात, आणि इंटरनेटवर तयार चिन्हे पुरवणारी ठिकाणे तर उदंड आहेत. साताऱ्याच्या आमच्या गृहिणीने त्यातले पान उचलले, तर ते वापरण्याची तिला बहुधा मुभा असते. पण तेच पान सांगलीच्या लोणचेवाल्यानेही उचललेले असते, आणि जळगावच्या केळीच्या वेफरवाल्यानेही. ती कोणालाही ‘हे माझे’ म्हणू शकत नाही, कारण तिलाही ते कोणी तिचे म्हणून दिलेले नाही. तिची भाजणी चांगली असेल आणि सांगलीचे लोणचे बुरसलेले निघाले, तर अर्धवट आठवणीचे गिऱ्हाईक पानाला नावे ठेवील. त्यात भाजणीही गेली! फोर्टिसच्या नक्कलखोरांनी निदान मुद्दाम चोरी केली होती. येथे चोर कोणीच नाही आणि नुकसान मात्र सर्वांचे होते.

अक्षरांचेही तसेच. पॉवरपॉइंटमध्ये देवनागरी लिहू लागले की वर्षानुवर्षे जे वळण आपोआप उमटत आले, त्याचे नाव ‘मंगल’. ते प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवले. मुंबईच्या आय. आय. टी.त त्यांनी अक्षरकला शिकवली, आणि संगणकावर भारतीय लिप्या नीट दिसाव्यात म्हणून आयुष्याचा मोठा भाग वेचला. २००८ मध्ये ते निवर्तले. मंगल हे पडद्यावर लहान आकारात वाचण्यासाठी केलेले वळण आहे, आणि ते काम त्याने उत्तम केले. पण आपल्या दुकानाचे नाव त्यात लिहिले तर ते सरकारी परिपत्रकासारखे दिसते; दोष वळणाचा नव्हे, त्याला दिलेल्या कामाचा. जोशी स्वतः हाताने, कुंचल्याने, लेखणीने अक्षर काढणारे होते. आपल्या नावाचे पहिले अक्षर बोरूने कागदावर दहा-वीस वेळा काढावे, त्यातले मनास येईल त्याचे छायाचित्र संगणकात घ्यावे, आणि मोकळ्या वक्ररेषेने ते गिरवून घ्यावे. पॉवरपॉइंटमध्ये हे होते. वेळ जातो, पण असे अक्षर दुसऱ्याच्या पुडीवर आपोआप सापडत नाही.

राहिली नोंदणी. २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला संगणकावरून अर्ज केल्यास एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क पडते. मालाचे व सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. पीठ आणि मसाले तिसाव्यात येतात. अर्ज करण्यापूर्वी कचेरीच्या वहीत सारखे चिन्ह आहे काय हे घरबसल्या, फुकट पाहता येते, आणि तयार पान उचलणाऱ्याची गाठ पहिल्यांदा तेथेच पडते. चिन्हाशेजारी ‘टीएम’ ही अक्षरे नोंद नसतानाही लिहिता येतात. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंद झाल्यावरच, एरवी तो गुन्हा आहे. तपासणीत अर्ज टिकला तर चिन्ह व्यापारचिन्हांच्या नियतकालिकात प्रसिद्ध होते. मग चार महिने वाट पाहायची. तेवढ्यात देशातील कोणीही हरकत घेऊ शकतो, जशी अमृतधारावाल्यांनी लक्ष्मणधारेवर घेतली. हरकत आली नाही, तर साताऱ्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर जुळवलेले ते चिन्ह दहा वर्षांसाठी तिच्या नावे वहीत चढते, आणि दर दहा वर्षांनी शुल्क भरून पुढे चालवता येते.